अस्तराची बाजू

कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे वेषप्रदर्शन, ज्याला आता सर्वत्र 'फॅशन-शो' म्हणतात, पाहावयास बसलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला एकेका विद्यार्थ्याची फार तर काही मिनिटे येतात. दिवे उजळतात, संगीत सुरू होते, पाच-सात पोशाख डोळ्यांपुढून चालत जातात, टाळ्या पडतात आणि दुसऱ्याची पाळी येते. या मिनिटांच्या पाठीशी कित्येक महिन्यांचे बेतणे, टाचणे, उसवणे आणि पुन्हा शिवणे असते, हे प्रेक्षकाला ठाऊक नसते असे नाही. परंतु ते त्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते इतिहासातही सहसा लिहिले जात नाही. पोशाखाचा इतिहास हा बहुधा त्याच्या दर्शनी बाजूचा इतिहास असतो. अस्तराची बाजू तशीच राहून जाते.

ती बाजू थोडी उलटून पाहावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो. त्यासाठी आम्ही लंडनमधील एकाच कलाशाळेतील दोन विद्यार्थी-प्रदर्शने निवडली आहेत : एक १९८४ सालचे, दुसरे १९९२ सालचे. या दोन्ही प्रसंगी ज्या दोन तरुणांनी आपले पोशाख लोकांपुढे आणले, ते पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बहुतेक लेखन प्रतिभेच्या चमत्काराचे आहे. आम्हांस मात्र त्या चमत्काराच्या आतील टाके पाहावयाचे आहेत. कारण आमच्या मते या दोघांची खरी कहाणी तेथेच आहे, आणि आपल्या समाजाने तिच्यापासून घेण्यासारखा एक बोधही तेथेच आहे.

प्रथम त्या शाळेविषयी. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रोडवर, पुस्तकांच्या दुकानांच्या शेजारी, सेंट मार्टिन्स नावाची कलाशाळा कित्येक वर्षे उभी होती. तिची स्थापना १८५४ ची. चित्रकला आणि शिल्पकला हे तिचे मानाचे विषय. १९३१ च्या सुमारास म्यूरिअल पेम्बर्टन या चित्रकर्तीने तेथे वेषरचनेचे अध्यापन सुरू केले, तेव्हा 'कपडे शिवणे' हा कलाशाळेचा विषय आहे काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात होता. चित्र काढणारा तो कलावंत आणि कपडा शिवणारा तो कारागीर, ही भिंत युरोपातही आपल्याकडल्याइतकीच जाड होती. चित्रकाराची मुले कलाशाळेत जात आणि शिंप्याची मुले उमेदवारीला बसत. पेम्बर्टनबाईंनी त्या भिंतीला एक दार पाडले, इतके तरी निश्चित म्हणता येईल. पुढे १९७८ मध्ये बॉबी हिल्सन यांनी तेथेच वेषरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. १९८९ मध्ये ही शाळा सेंट्रल स्कूल या दुसऱ्या संस्थेशी एक झाली आणि 'सेंट्रल सेंट मार्टिन्स' हे नाव रूढ झाले. २०११ मध्ये ती किंग्ज क्रॉस भागातील धान्याच्या एका जुन्या कोठारात राहावयास गेली. आमचे दोन्ही प्रसंग या स्थलांतराच्या पूर्वीचे आहेत.

अशा शाळेत अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याने करावयाचे काम वरवर पाहता साधे आहे : काही पोशाखांचा एक मेळ कल्पावा, तो शिवावा आणि प्रदर्शनात मांडावा. परंतु कल्पना आणि पोशाख यांच्यामध्ये एक लांबलचक वाट आहे. चित्रातली बाई कधी हात वर करीत नाही, बसत नाही, जिना चढत नाही. तिच्या अंगावरचा झगा म्हणूनच सदैव सुरेख असतो. तोच झगा कागदावर बेतू लागले, की मुंढा किती खोल घ्यावा, बाही कोठे फिरवावी, कापड उभ्या धाग्यावर धरावे की उरेब कापावे, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. चुण्या घालाव्यात तर घेर वाढतो, घेर वाढला की वजन वाढते, आणि वजन वाढले की कमरेची शिवण ते पेलत नाही. म्हणून मोलाच्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी स्वस्त सुती कापडाचा एक कच्चा पोशाख शिवतात, तो अंगावर चढवून पाहतात, खडूने खुणा करतात, उसवतात आणि पुन्हा शिवतात. आपल्याकडे याच कामाला मांजरपाट वापरतात.

लंडनच्या शाळेत या कच्च्या पोशाखाच्या कापडाला 'कॅलिको' म्हणतात. हा शब्द आपल्या कालिकतचा, म्हणजे मलबारातील कोळिकोडचा आहे. एके काळी हिंदुस्थानातील या सुती कापडाने इंग्लंडच्या विणकरांची झोप उडविली होती. छापील आणि रंगीत सुती कापडाच्या आयातीवर तेथील पार्लमेंटने १७०० मध्ये बंदी घातली. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे कॅलिकोचे झगे फाडले, आणि १७२१ च्या दुसऱ्या कायद्याने असे कापड वापरणे हाच गुन्हा ठरविला. हे निर्बंध १७७४ मध्ये उठले. ज्या कापडासाठी दंगे झाले तेच आज विद्यार्थ्याच्या मेजावर चुका करण्यासाठी पडलेले असते. तयार पोशाखात त्याचा एक धागाही उरत नाही, आणि तरीही त्याच्यावाचून एकही पोशाख उभा राहत नाही. वस्त्राच्या इतिहासात अशी कित्येक माणसेही आहेत.

आता पहिल्या प्रदर्शनाकडे वळू. जॉन गॅलियानो याचा जन्म १९६० मध्ये जिब्राल्टर येथे झाला. वडील नळजोडणीचे काम करीत, आई स्पॅनिश. मुलगा सहा वर्षांचा असताना कुटुंब दक्षिण लंडनमध्ये आले. सेंट मार्टिन्समध्ये शिकत असताना तो नॅशनल थिएटरमध्ये नटांना वेष चढविण्याचे काम करी. हे काम काय असते, ते ज्याने पडद्यामागे काही रात्री काढल्या असतील त्यालाच कळेल. दोन प्रवेशांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात बंद सोडायचे, दुसरे बांधायचे, निसटलेली गुंडी तेथल्या तेथे टाकायची, घामाने चिकटलेली बाही न फाडता उतरवायची, आणि सकाळी इस्त्री धरायची. रंगभूमीवरचा पोशाख दुरून राजस दिसतो. जवळून पाहिला तर तो डागडुजीचा ढीग असतो. या कामातून त्या तरुणाला जे कळले ते चित्रकलेच्या वर्गात कळण्याजोगे नव्हते : पोशाख म्हणजे खुंटीवर टांगलेली वस्तू नव्हे, तर अंगावर घडणारी क्रिया आहे.

अखेरच्या वर्षाच्या कामासाठी त्याने विषय निवडला तो फ्रेंच इतिहासातला. २७ जुलै १७९४ रोजी रोबेस्पिएरची सत्ता कोसळली. दुसऱ्या दिवशी त्याचेच मस्तक गिलोटिनखाली गेले आणि पॅरिसवरील दहशतीचे सावट हटले. मृत्यूच्या छायेतून अचानक बाहेर पडलेल्या श्रीमंत तरुणांनी त्यानंतर वेषात जो उच्छाद मांडला, तो इतिहासाला ठाऊक आहे. हनुवटी झाकून टाकणारे गळपट्टे, खांद्यापर्यंत पसरलेल्या कॉलरी, कानांवर लोंबणारे केस, मुद्दाम अस्ताव्यस्त घातलेले कोट. बोलताना ते 'र' गाळीत. 'अविश्वसनीय' या अर्थाचा फ्रेंच शब्द त्यांच्या तोंडी सारखा असे, आणि त्यावरूनच लोक त्यांना 'ॲंक्रोयाब्ल' म्हणू लागले. त्यांच्या सोबतच्या स्त्रियांना 'मेर्वेय्यूझ', म्हणजे अद्भुत स्त्रिया, असे नाव पडले. जुन्या ग्रीक मूर्तींच्या धर्तीचे जे पातळ झगे त्या घालीत ते मलमलीचे असत, आणि त्या काळी उत्तम मलमल म्हटली म्हणजे बंगालची, ढाक्याची. पॅरिसमधील एका राज्यक्रांतीचा उत्तरार्ध अशा रीतीने आपल्या विणकरांच्या मागावरही विणला गेला होता. त्यांची नावे मात्र फ्रान्सच्या इतिहासात नाहीत आणि आपल्याही नाहीत.

गॅलियानोने आपल्या मेळाला 'ले ॲंक्रोयाब्ल' हेच नाव दिले. जुन्या तसबिरी आणि संग्रहालयातील वस्त्रे त्याने बारकाईने पाहिली. परंतु त्याने केले ते जुन्याची नक्कल करणे नव्हते. तो वेष स्त्रीने घालावा की पुरुषाने, हा भेदच त्याने काढून टाकला. लांब कोट, बंडीसारखी जाकिटे, सैल सदरे आणि फिती यांच्या त्या पोशाखांत अस्ताव्यस्तपणा होता. तथापि कापड अस्ताव्यस्त दिसावे आणि तरीही अंगावरून घसरू नये, यासाठी आतली शिवण फार शिस्तीची असावी लागते. १९८४ च्या उन्हाळ्यात हे प्रदर्शन झाले. साउथ मोल्टन स्ट्रीटवरील 'ब्राउन्स' या दुकानाच्या चालक जोन बर्स्टाइन यांनी त्याचे पोशाख पाहिले, ते सगळे विकत घेतले आणि आपल्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत मांडले. एका विद्यार्थ्याच्या परीक्षेचे काम अशा रीतीने रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेस पडले.

दुसरे प्रदर्शन आठ वर्षांनंतरचे. ॲलेक्झांडर मॅक्वीन याचे खरे पहिले नाव ली. जन्म १९६९ चा. पूर्व लंडनमधील एका टॅक्सीचालकाच्या सहा अपत्यांपैकी तो शेंडेफळ. सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली. सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीत उमेदवारांची वाण आहे, असे त्याच्या आईच्या कानी आले आणि तिने मुलाला तिकडे जाण्यास सुचविले. अँडरसन अँड शेपर्ड या जुन्या पेढीने त्याला ठेवून घेतले. बाकावर मांडी घालून बसायचे आणि कोटाच्या कॉलरीच्या आत कॅनव्हासला बारीक टाके घालीत राहायचे, हे त्याचे पहिले शिक्षण होते. मांडी घालून सुई चालविणारा शिंपी ही मूर्ती आपल्या बाजारपेठेतल्या ओटीवरची आहे असे आपण समजतो. ती लंडनच्या उंची गल्लीतलीही आहे. हे टाके बाहेरून मुळीच दिसत नाहीत. मात्र कॉलर छातीवर जी अलगद वळते, ती केवळ त्यांच्या जोरावर. कापडाला आकार देणारी गोष्ट कापडाच्या आत असते, हे ज्ञान त्या मुलाच्या बोटांत असे महिनोन्महिने मुरले.

तेथून तो गीव्ह्ज अँड हॉक्स या पेढीत गेला, आणि त्यानंतर नाटकांचे पोशाख पुरविणाऱ्या एका प्रसिद्ध वखारीत. तेथे 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकाच्या पोशाखांवर त्याने काम केले आणि जुन्या शतकांचे कपडे बेतण्याच्या रीती आत्मसात केल्या. काही काळ तो इटलीत मिलानला रोमेओ जिली यांच्याकडे होता. लंडनला परतल्यावर तो सेंट मार्टिन्समध्ये गेला तो विद्यार्थी होण्यासाठी नव्हे. कपडे बेतण्यास शिकविण्याची नोकरी मिळेल काय, हे विचारावयास तो गेला होता. बॉबी हिल्सन यांनी त्याला नोकरी दिली नाही. पदव्युत्तर वर्गात जागा दिली. शाळा अर्ध्यावर सोडलेला एक शिंपी कलाशाळेच्या सर्वांत वरच्या वर्गात बसला. फीचे पैसे घरी नव्हते. ते त्याच्या आत्येने भरले.

त्याच्या १९९२ च्या प्रदर्शनाचे नाव ऐकूनच अंगावर काटा यावा. १८८८ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात अनेक गरीब स्त्रियांचे खून झाले. खुनी कधी सापडला नाही. 'जॅक द रिपर' या नावाने तो ओळखला जातो. मॅक्वीनची आई घराण्याच्या वंशावळी शोधण्याच्या नादी होती, आणि पूर्व लंडनचा तो काळोखा इतिहास मुलाने तिच्याकडून ऐकला होता. त्याने आपल्या मेळाला 'जॅक द रिपर आपल्या सावजांच्या मागावर' अशा अर्थाचे नाव दिले. त्यातील एक कोट आजही जतन झालेला आहे : गुलाबी सॅटिनचा, आणि त्यावर काट्यांची नक्षी छापलेली. ही नक्षी त्याचा सहाध्यायी सायमन अंगलेस याने छापली होती. कोटाला पांढऱ्या रेशमाचे अस्तर आहे, आणि त्या अस्तरात माणसाचे केस घातलेले आहेत. व्हिक्टोरियाच्या काळात वेश्या आपल्या केसांच्या बटा विकीत आणि लोक त्या आपल्या प्रियजनांना देण्यासाठी घेत, असे मॅक्वीन सांगत असे.

हा कोट आवडावा असे आम्ही म्हणत नाही. मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या दुःखाचा असा उपयोग करावा काय, हा प्रश्न तेव्हाही योग्य होता आणि आजही आहे. परंतु त्या शिंप्याने आपला सर्वांत भयंकर विचार कोठे ठेवला, इकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. त्याने तो पाठीवर भरून काढला नाही किंवा छातीवर झळकविला नाही. प्रेक्षकाला जेथे कधीही दिसणार नाही आणि घालणाऱ्याला मात्र अंगाशी जाणवेल, अशा जागी, म्हणजे अस्तरात, त्याने तो शिवला. जो बाकावर बसून न दिसणारे टाके घालीत वाढला, त्यालाच ही जागा सुचणे शक्य होते.

त्या दिवशी प्रेक्षकांत इझाबेला ब्लो ही वेषविषयक नियतकालिकांत काम करणारी बाई होती. तिने सगळा मेळ पाच हजार पौंडांना घेतला आणि दर आठवड्याला शंभर पौंड अशा हप्त्यांनी त्याचे पैसे फेडले, असे सांगतात. पुढची कथा सर्वश्रुत आहे. गॅलियानो १९९५ मध्ये पॅरिसच्या जिव्हांशी या घराण्याचा आणि १९९६ मध्ये दिओरचा मुख्य वेषकार झाला. जिव्हांशीतील त्याची मोकळी झालेली जागा मॅक्वीनला मिळाली. तीच पुढे दुःखाचीही कथा आहे. ज्यूंविषयी काढलेल्या निंद्य उद्गारांमुळे २०११ मध्ये गॅलियानोला दिओरमधून काढून टाकण्यात आले. मॅक्वीनने ११ फेब्रुवारी २०१० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आपल्या आईच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत आत्महत्या केली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने त्याच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा ६,६१,५०९ लोक ते पाहून गेले. त्या प्रदर्शनात विद्यार्थिदशेतील तो गुलाबी कोटही होता.

या दोन कहाण्या सामान्यतः अशा सांगितल्या जातात, की एक प्रतिभावान मुलगा आला, त्याने पोशाख मांडले आणि एका रसिक धनिक स्त्रीने त्याला ओळखले. यात खोटे काही नाही. परंतु हे अर्धेच आहे. उरलेले अर्धे असे, की हे दोघेही आपल्या प्रदर्शनापर्यंत येताना एक एक कारखाना आपल्या बोटांत घेऊन आले होते. एकाला नाटकगृहाच्या पडद्यामागील कामकऱ्यांनी शिकविले, दुसऱ्याला सॅव्हिल रोच्या वृद्ध शिंप्यांनी. शाळेने त्यांना इतिहास दिला, ग्रंथालय दिले, धीट मित्र दिले आणि रंगमंच दिला. शाळेचे हे ऋण मोठे आहे. परंतु ज्या ज्ञानावर ते पोशाख उभे राहिले त्याचा निम्मा भाग शाळेबाहेरचा होता, आणि ते ज्ञान देणाऱ्यांना कोणी टाळ्या दिल्या नाहीत.

दुसरी गोष्ट पैशाची. १९६२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पहिल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना स्थानिक संस्थांकडून अनुदान मिळण्याची सोय झाली होती. नळकाम करणाऱ्याच्या मुलाने कलाशाळेत जाणे ही त्या काळात अशक्य कल्पना नव्हती. १९९८ मध्ये तेथे विद्यार्थ्यांवर वार्षिक हजार पौंड फी बसली. २०१२ पासून इंग्लंडमध्ये तिची मर्यादा नऊ हजारांवर गेली. त्यात भर म्हणजे वेषरचनेच्या विद्यार्थ्याला कापड, दोरे, गुंड्या आणि अस्तर यांचा खर्च आपल्या पदरचाच करावा लागतो. प्रत्येक टॅक्सीचालकाच्या मुलाला फी भरणारी आत्या असतेच असे नाही. ज्या घरांत सुई चालते त्याच घरांतील मुलांना सुईचे उच्च शिक्षण परवडू नये, याहून उलटी शिवण कोणती?

येथवर आलो म्हणजे आपल्याकडे पाहणे भागच आहे. आपल्या समाजात शिंप्याच्या सुईला मान नव्हता असे नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात शिंप्याच्या घरात वाढलेल्या नामदेवांना आपण संतांच्या मांदियाळीत अग्रभागी बसविले. परंतु संत म्हणून मान देणे वेगळे आणि कारागीर म्हणून नाव लिहून ठेवणे वेगळे. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेली पातळे पाहून घरंदाज स्त्रिया तशी पातळे नेसू लागल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. 'फॅशन-शो' हा शब्दही ठाऊक नव्हता तेव्हा महाराष्ट्राला संगीत नाटक हेच वेषप्रदर्शन होते. परंतु त्या नाटकांतील राजवेष, चोळ्या आणि अंगरखे कोणाच्या हातचे, हे आपल्या नाट्येतिहासात शोधू गेल्यास फारच थोडे हाती लागते. गोव्यातील शिवणकाम करणारे मुंबईत गेले, पूर्व आफ्रिकेत गेले, साहेबांचे आणि मडमांचे कपडे त्यांनी बिनचूक शिवले. त्यांच्या हातचे कोट राहिले असतील. त्यांची नावे राहिली नाहीत.

याला अपवाद आहेत आणि ते उज्ज्वल आहेत. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात १९२९ मध्ये जन्मलेल्या भानुमती, ज्यांना जग भानू अथैय्या म्हणून ओळखते, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकल्या. एका इंग्रजी स्त्री-साप्ताहिकासाठी त्या वेषांची चित्रे काढीत. त्याच साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले, तेव्हा त्यांना नुसती चित्रे न काढता प्रत्यक्ष कपडे करून पाहण्यास सांगितले. आणि चित्र ते वस्त्र ही वाट त्यांनी अशी ओलांडली. १९६६ च्या 'आम्रपाली' चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. 'गांधी' या चित्रपटाच्या वेषभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले; हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. २०१२ मध्ये त्यांनी ते पारितोषिक नीट जतन व्हावे म्हणून अमेरिकेतील त्या संस्थेकडे परत पाठविले. आपल्या मागे ते येथे सुरक्षित राहील असा भरवसा त्यांना वाटला नाही, ही गोष्ट आम्हांस त्या पारितोषिकाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी वाटते. गोमंतकाचे वेषकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६० ते २०२०) यांनी कुणबी लुगड्याचे पुनरुज्जीवन केले आणि २०१२ मध्ये 'मोडा गोवा' हा गोव्याच्या वेषेतिहासाचा ग्रंथ सिद्ध केला. असे काम एकट्याने करावे लागते, यावरूनच ते किती राहून गेले आहे ते दिसते.

आणि जगाची शिवण आता आपल्या दाराशीच येऊन ठेपली आहे. ज्या दिओर घराण्यात एके काळी गॅलियानो होता, त्याच घराण्याने ३० मार्च २०२३ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापुढे आपले वेषप्रदर्शन भरविले. पॅरिसच्या अनेक पोशाखांवरील भरतकाम पुष्कळ वर्षांपासून मुंबईतच होत आले होते. 'चाणक्य' या मुंबईतील भरतकाम-संस्थेचा त्या सोहळ्यात उघड गौरव झाला. कारखाना प्रथमच रंगमंचाच्या शेजारी आला, ही चांगली गोष्ट झाली. संस्थेचे नाव उच्चारले गेले; एकेका कारागिराचे नाव उच्चारले जाण्याचा दिवस अद्याप यावयाचा आहे.

आज आपल्या शहरोशहरी, पणजीत, बेळगावात, बडोद्यात, इंदुरात, महाविद्यालयीन तरुण-तरुणी वार्षिक संमेलनांत मोठ्या हौसेने वेषप्रदर्शने करतात. ती पाश्चात्त्यांची नक्कल आहे म्हणून नाक मुरडणारे वडीलधारे आपल्यात आहेत. त्यांना आम्ही इतकेच विनवू, की कलेची नक्कल वाईट तेव्हाच, जेव्हा ती केवळ दर्शनी बाजूची असते. ज्या मुलीने स्वतः मांजरपाटाचा कच्चा झगा तीनदा उसवून चौथ्यांदा शिवला, तिने नक्कल केलेली नाही. ती शिकली आहे. आणि जिने पोशाख गल्लीतल्या शिंप्याकडून करवून घेतला, तिनेही कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही; मात्र संमेलनाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत आपल्या नावाखाली त्या शिंप्याचे नाव तिने अवश्य घालावे. एका ओळीला छपाईचा खर्च फारसा येत नाही.

शिवण चांगली की वाईट, हे पाहणारा जुना जाणता शिंपी कपडा हाती येताच प्रथम काय करतो, ते वाचकांनी पाहिलेच असेल. तो रंगाकडे पाहत नाही की झालरीकडे पाहत नाही. तो कपडा उलटा करतो आणि शिवणीवरून बोट फिरवितो. इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनीही तसेच करावे, एवढेच आमचे मागणे आहे.